आज उपदेश नाही

आमच्या पाळकसाहेबांना बोलता यायचं नाही, असं मी म्हटलं तर नाशिकची जुनी ख्रिस्ती माणसं अजूनही माझ्या अंगावर धावून येतील. पण ते खरं आहे. वाक्य सुरू करून ते मध्येच थांबायचे, चष्मा काढायचे, खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे बघत बसायचे आणि मग भलत्याच वाक्याला हात घालायचे. हातवारे नाहीत, टाळ्याखाऊ विनोद नाहीत, डोळ्यांत पाणी आणणं नाही. मी आयुष्यात पुष्कळ वक्ते ऐकले, निवडणुकीचे ऐकले, संमेलनातले ऐकले, पांढऱ्या झग्यातले आणि भगव्या कफनीतलेही ऐकले. त्यांतल्या एकाचंही धड वाक्य आज मला आठवत नाही. पाळकसाहेबांनी न केलेले उपदेशसुद्धा मला आठवतात.

न केलेले म्हणजे काय, ते सांगते.

मी मूळची नगरकडची. शिक्षिका म्हणून नाशिकला आले आणि नोकरीबरोबर देवळातली बाजाची पेटी माझ्या गळ्यात पडली, कारण आधी ती वाजवणारे गृहस्थ बदली होऊन गेले होते. आम्ही मंडळी चर्चला देऊळच म्हणायचो. माझा तिथला पहिलाच रविवार. प्रार्थना झाली, गीत झालं, शास्त्रपाठ वाचून झाला. आजाऱ्यांना भेटायला जावं, अशा अर्थाचा तो पाठ होता. पाळकसाहेब व्यासपीठावर चढले. उंच, किडकिडीत, झगा घोट्याच्या बराच वर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पाठ तुम्ही ऐकलात," ते म्हणाले. "आपल्या मंडळीतली काही माणसं दवाखान्यात आहेत. मला आठवडाभर वेळ होता. मी गेलो नाही. त्यामुळे आज उपदेश नाही. बाई, गीत घ्या."

बाई म्हणजे मी. माझ्याकडे गीत तयार नव्हतं. उपदेश निदान अर्धा तास चालणार, या भरवशावर मी निवांत बसले होते. घाबरून पेटीवर हात ठेवला आणि बोटांना जे आठवलं ते वाजवलं. ते निघालं नाताळचं गीत. बाहेर जुलै महिना, छपरावर पावसाचा धडधडाट, आणि आत आम्ही सगळे बाळाच्या जन्माचा आनंद करतोय. लोकांनी एकूण एक कडवी म्हटली. नंतर कळलं की त्यांना सवय होती.

आणीबाणीचे दिवस होते ते. देवळाबाहेर छत्र्या उघडताना एका नव्या गृहस्थांनी मला हळूच विचारलं, "पाळकसाहेब बोलले नाहीत, म्हणजे वरून काही आलंय का हो?" मी म्हटलं, वरून येण्यासारखं त्यांनी काही केलेलं दिसत नाही.

त्याच दुपारी मी दवाखान्यात गेले. मला वाटलं होतं, मी एकटीच शहाणी. तर वॉर्डात आमची निम्मी मंडळी हजर. प्रत्येक खाटेभोवती ही गर्दी. शेवटी नर्स बाईंनी सगळ्यांना हाताला धरून बाहेर काढलं. त्या गर्दीच्या शेवटी मोसंब्यांची पिशवी घेऊन पाळकसाहेब उभे होते, आणि त्यांनाही बाहेर काढलं गेलं. पुढच्या रविवारी त्यांनी तो राहिलेला उपदेश केला. आजाऱ्यापेक्षा भेटायला आलेलाच जास्त बोलतो, आणि आजारी बिचारा त्याची समजूत काढत बसतो, एवढाच त्याचा विषय होता. माझ्या ओळखीतलं कोणी आजारी पडलं की मी अजून तो उपदेश आठवते आणि तोंड मिटून बसते.

तर असा त्यांचा नेम. ज्या गोष्टीवर रविवारी बोलायचं ती आठवड्यात आधी करून बघायची. केली नसेल तर बोलायचं नाही. "उपदेश आधी पायांनी करायचा, मग तोंडानं," एवढंच ते म्हणायचे, आणि तेही कोणी फार खनपटीला बसलं तरच. पाठ त्यांनी निवडलेले नसत. वर्षभराच्या उपासनांचे पाठ ठरलेले असतात, कोणत्या रविवारी कोणता ते छापून येतं. त्यामुळे पाळकसाहेब वर्षभर त्या छापील पानाच्या मागे पळत असायचे. शत्रूवर प्रेम करा असा पाठ आला की आठवडाभर सायकलवरून शत्रू शोधत फिरायचे. एकदा शत्रू सापडेना, तेव्हा दूधवाल्याशी मुद्दाम भांडले आणि शनिवारी त्याची माफी मागितली. रविवारी व्यासपीठावरून ते कबूल केलं आणि म्हणाले, "हे खरं धरता येणार नाही. आज उपदेश नाही."

मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले होते. शिस्तीचे भोक्ते. त्यांना हा प्रकार अजिबात खपायचा नाही. बिशपसाहेब दौऱ्यावर आले तेव्हा त्यांनी तक्रार मांडली. बिशपसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "महिन्यातून किती रविवार उपदेश करतात?"

"तीन तरी करतात, साहेब."

"आणि ते सगळे आधी करून बघितलेले?"

"हो. तोच तर घोळ आहे."

"मग माझ्यापेक्षा बरे आहेत," बिशपसाहेब म्हणाले आणि चहाकडे वळले. सेक्रेटरी आम्हाला ही हकिकत सांगायचे ती पाळकसाहेबांची तक्रार म्हणून की बिशपसाहेबांची, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

या नेमाचा खरा मार खाल्ला तो पाळकीणबाईंनी. त्या ठेंगण्या, गोऱ्या आणि तोंडाच्या तिखट होत्या. पाळकसाहेबांच्या अगदी उलट. ज्याच्याजवळ दोन असतील त्यानं एक द्यावं, असा एक पाठ असतो. तो आला की त्यांच्या घरात काही टिकायचं नाही. एका वर्षी दोन रजयांतली एक गेली, ती ऐन डिसेंबरात. नाशिकची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. दुसऱ्या वर्षी स्टोव्ह गेला. त्यानंतर पाळकीणबाई शहाण्या झाल्या. त्या ते छापील पान आधीच बघून ठेवायच्या आणि तो आठवडा जवळ आला की पितळी डबे, जास्तीची घागर, एकदा तर शिवणयंत्र, माझ्या खोलीत आणून ठेवायच्या.

"ठेवा हो बाई, रविवारपर्यंत," त्या म्हणायच्या. "ह्यांना धर्म सांगायला दुसऱ्यांची घरं पुरत नाहीत, स्वतःचं लुटायला लागतं."

पाळकसाहेबांना हे माहीत होतं. एकदा ते माझ्याकडे काही कामाला आले, कोपऱ्यात ठेवलेले स्वतःच्याच घरचे डबे बघितले आणि म्हणाले, "छान आहेत हो. आमच्याकडेही असेच होते." आणि गेले. मी हसून हसून बेजार झाले. असं माणूस मी तोपर्यंत बघितलं नव्हतं.

त्यांचं शिक्षण कुठं झालं, असं कोणी विचारलं तर ते सेमिनरीचं नाव सांगायचे आणि वर म्हणायचे, "आणि गंगेवर." गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. आठवड्याच्या बाजाराला ते सायकलवरून पंचवटीत भाजी आणायला जायचे आणि येताना घाटावर रेंगाळायचे. तिथं एक जडीबुटी विकणारा बसायचा. समोर वाळलेल्या मुळ्या, बाटलीत एक साप. पाळकसाहेब त्याच्या घोळक्यात मेथीची जुडी सांभाळत, तोंड उघडं टाकून उभे. कीर्तन असेल तर कीर्तनात मागे उभे. आमच्यातल्या एका सोवळ्या गृहस्थांना हे दिसलं आणि बोभाटा झाला. मी स्वतः त्यांना विचारलं, "साहेब, त्या मुळ्यावाल्याकडून तुम्ही काय शिकता?"

"तो एका माणसाशी बोलतो, बाई," ते म्हणाले. "गर्दी पन्नास जणांची असते, पण तो कंबर दुखणारा एकच माणूस हेरतो आणि त्याच्याशीच बोलतो. बाकीच्यांना वाटतं, अरे, माझीही दुखतेय." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त त्यानं स्वतः ती मुळी खाल्लेली नाही. तेवढंच कमी आहे."

हे त्यांनी उचललेलं होतं, हे मला पुढे कळलं. देवळात बसलं की दर वेळी वाटायचं, हे मला उद्देशून आहे. मी शाळेतल्या एका बाईंशी अबोला धरला होता त्या आठवड्यात त्यांनी जिभेवर उपदेश केला आणि मी पाळकीणबाईंकडे जाऊन तणतणले की त्यांनीच चुगली केली. पाळकीणबाई म्हणाल्या, "अहो, सेक्रेटरीही आताच येऊन गेले. त्यांनाही वाटतंय मीच सांगितलं." प्रत्यक्षात त्या आठवड्यात पाळकसाहेब स्वतःच्या जिभेवर कामाला लागले होते. कोणाविषयी पाठीमागे बोलायचं नाही, असं ठरवून. आठवडाभर ते गप्प होते. "बोलायला काही उरलंच नाही," असं त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं होतं.

एकदा मैदानावर संजीवन सभा झाली. बाहेरगावचे मोठे प्रवचनकार, मांडव, लाउडस्पीकर, रंगीत दिवे. त्या गृहस्थांचा आवाज असा की पाखरं उडाली. बायका रडल्या, पुरुष गुडघ्यांवर आले. पाळकसाहेब पहिल्या रांगेत बसले होते आणि तेही रडत होते. परत येताना मी नाक मुरडून काहीतरी बोलले. सायकल हातात धरून चालता चालता ते थांबले.

"हसू नका, बाई. त्यांनी जे दिलं ते मला देता येत नाही."

"पण तुमचं जास्त खरं वाटतं," मी म्हटलं.

"खरं दोघांचंही असेल. त्यांना सोमवारची गाडी आहे. मला सोमवारी तुमच्यातच राहायचंय." एवढं बोलून त्यांनी सायकलला टांग मारली.

आता करुणाविषयी सांगितलं पाहिजे. तिच्याशिवाय हे सगळं एका विक्षिप्त माणसाच्या गमतीजमती म्हणून संपलं असतं.

करुणा ही पाळकसाहेबांची एकुलती एक मुलगी. गायकवृंदात माझ्या पेटीशेजारी उभी राहून गायची. आईचं तोंड आणि बापाचा हट्ट घेऊन जन्माला आलेली. तिनं लग्न केलं ते नाशिक रोडच्या एका बौद्ध मुलाशी, आणि केलं ते रजिस्टर पद्धतीनं. मुलाचे वडील छापखान्यात मशीनवर होते, मूळचे सिन्नरकडचे. दोन्ही घरांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर एकाच आडाचं पाणी प्यायलेले असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एकानं एक वाट धरली होती, दुसऱ्यानं दुसरी, आणि मधल्या काळात दोघंही आपापल्या वाटेविषयी फार हळवे झाले होते. मुलगी सासरी गेली तेव्हा कोणीतरी नाव बदलायचं काढलं, तर सासरे म्हणाले म्हणे, "करुणा हे तर आमचंच नाव हाय. राहू द्या."

इकडे कमिटीत गदारोळ झाला. पाळकाच्याच मुलीचं लग्न देवळात नाही, म्हणजे मंडळीनं काय समजायचं? सेक्रेटरींनी तर बैठकीत सरळ सांगितलं की त्या घराशी संबंध ठेवायचा असेल तर पाळकांनी आपला विचार करावा. पाळकसाहेब लग्नाला गेले नाहीत. मला वाटतं ते सेक्रेटरींना भिऊन नव्हे. मुलीनं आधी सांगितलं नाही, ठरवून झाल्यावर सांगितलं, हे त्यांना लागलं होतं. ते म्हणायचे, "तिनं यावं. दार उघडं आहे." ती म्हणायची, "मी चूक केली असती तर परत आले असते. मी चूक केलेलीच नाही." दोघांच्या मध्ये पाळकीणबाई दर आठवड्याला सिटी बसनं नाशिक रोडला जायच्या. कुठं जाते म्हणून त्या सांगायच्या नाहीत आणि हे विचारायचे नाहीत. फक्त त्या निघायच्या दिवशी घरात शेवग्याच्या शेंगा जरुरीपेक्षा जास्त यायच्या. करुणाला शेंगा फार आवडायच्या.

आणि मग तो पाठ. उधळ्या मुलाची गोष्ट न ऐकलेला ख्रिस्ती माणूस सापडायचा नाही. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन जातो, सगळं उडवतो, उपाशी मरायची पाळी येते तेव्हा घरी परततो. म्हातारा बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जाऊन गळ्यात पडतो आणि घरात मेजवानी देतो. उपदेशकांची ही सगळ्यात लाडकी गोष्ट. या गोष्टीवर ज्याला बोलता येत नाही त्यानं झगा खुंटीला टांगावा, असं आमच्याकडे गमतीनं म्हणायचे. ती दर वर्षी गुड फ्रायडेच्या आधी, उपवासाच्या दिवसांत यायची. करुणाच्या लग्नानंतर दर वर्षी पाळकसाहेब त्या रविवारी व्यासपीठावर चढायचे आणि म्हणायचे, "हा उपदेश माझ्याकडे नाही. बाई, गीत घ्या."

कारण कोणी विचारायचं नाही. सगळे खाली बघायचे. इतर वेळी "आज उपदेश नाही" म्हटलं की लोक गालात हसायचे, पण त्या रविवारी कोणी हसायचं नाही. पाळकीणबाई पुढच्या बाकावर बसून पदराशी चाळा करायच्या. मला पेटीवर बोट टेकवायलाही नको वाटायचं. एवढा मोठा माणूस, शत्रूसुद्धा शोधून काढणारा, आणि बसनं अर्ध्या तासावर राहणाऱ्या लेकीकडे त्याचे पाय वळत नव्हते. मला त्यांचा राग यायचा. आणि तरीही ते खोटं बोलत नव्हते, सगळ्यांसमोर उभे राहून आपली उणीव सांगत होते, हे बघून मी दबूनही जायचे.

अशी वर्षं गेली. मग ते निवृत्त व्हायचं वर्ष आलं. मे महिन्यात बिऱ्हाड त्यांच्या गावी हलणार होतं. त्याआधी तो पाठ शेवटचा येणार होता. त्याच सुमारास करुणाला मुलगी झाली. त्या रविवारच्या आदल्या दिवशी बारसं ठरलं. मलाही बोलावणं होतं, पण शाळेची वार्षिक तपासणी नेमकी त्याच शनिवारी आली. पाळकीणबाई झबलं-टोपडं, लाकडी खेळणी आणि डिंकाचे लाडू भरलेली पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा मी शाळेच्या फाटकात उभी होते. पिशवी पाळकसाहेबांच्या हातात होती.

मी डोळ्यांनीच विचारलं. पाळकीणबाईंनी मान हलवली. "बसपर्यंत सोडायला येतायत फक्त," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रागही उरला नव्हता. मला वाटलं, आता हे असंच राहणार. ते गावी जातील, म्हातारे होतील, आणि एक दिवस पाळकीणबाई एकट्याच बसनं येतील.

रविवारी देऊळ भरलेलं होतं. पाठ वाचून झाला. मी गीत काढून ठेवलं होतं, बोटं पट्ट्यांवर होती. पाळकसाहेब वर चढले. चष्मा काढला. पुसला. घातला. खिडकीबाहेर बघितलं.

"काल," ते म्हणाले, "मी घरच्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. पिशवी जड होती. ती वर द्यायला म्हणून बसमध्ये चढलो, आणि बस सुटली."

कोणीतरी खुदकन हसलं. पाळकसाहेबही जरा हसले.

"बस थांबवता आली असती. मी थांबवली नाही. नाशिक रोडला उतरलो. वसाहतीपर्यंत पिशवी नेली. तिथं मांडव दिसला. मग घरच्यांना म्हटलं, तुम्ही जाऊन या, मी इथं उभा राहतो." ते थांबले. "आत गाणी लागली होती. माणसं हसत होती. मला त्या गाण्यांचा राग आला. मी उन्हात उभा, आणि हे खुशाल गातायत."

मग त्यांनी शास्त्र उघडलं नाही, पण गोष्ट तिथून पुढे सांगितली, ज्या भागापाशी बहुतेक उपदेशक आटोपतं घेतात. त्या बापाला एक थोरला मुलगाही असतो. कधी घर न सोडलेला, कधी चूक न केलेला. तो शेतावरून येतो, घरातलं गाणं-बजावणं त्याच्या कानावर पडतं, कशाबद्दल आहे ते कळतं, आणि तो रुसून बाहेरच उभा राहतो. तेव्हा बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो.

"म्हणजे बाप या गोष्टीत दोनदा घराबाहेर येतो," पाळकसाहेब म्हणाले. "हे मला माहीत होतं. दुसऱ्यांना शिकवलंही होतं. पण इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या घरच्या गोष्टीत बाप मी आहे. म्हणून मी वाट बघत होतो, ती कधी येते याची. काल त्या मांडवाबाहेर मला कळलं की बाप मी नाही. बाप आत होता. तो बाहेर आला. पुऱ्या तळत होता, झारा हातातच होता. झाऱ्यातून तेल ठिबकत होतं."

देवळात चुळबुळ झाली. या गोष्टीतला बाप म्हणजे देव, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. त्या जागी नाशिक रोडचा, छापखान्यातला, बौद्ध व्याही झारा घेऊन उभा केलेला बघून काही माना ताठ झाल्या. पाळकसाहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते आपल्या व्याह्यांच्या बोलीत सांगू लागले. नक्कल नव्हती ती. जसं ऐकलं तसं त्यांना ठेवायचं होतं.

"ते म्हणाले, आवो साहेब, उन्हात का उभे राह्यले? मी म्हटलं, मी फक्त सोडायला आलोय. ते म्हणाले, मंग सोडलं ना? आता मी न्यायला आलोय. मी म्हटलं, माझ्यासाठी खोळंबू नका. ते म्हणाले, आसं कसं, साहेब? आमचं जे हाय ते समदं तुमचंच हाय. आनंदाच्या दिवशी कुनी भाईर राहू नाय." त्यांनी चष्मा काढला. "गोष्टीतला बाप थोरल्याला हेच सांगतो. जवळजवळ याच शब्दांत. त्या गृहस्थांनी आपलं शास्त्र कधी उघडलेलं नाही. मी त्यांना विचारलं नाही, हे कुठून शिकलात. मला विचारायला तोंड नव्हतं."

मग त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

"गोष्ट इथंच थांबते," ते म्हणाले. "बाप विनवतोय आणि थोरला उभा आहे. तो आत गेला की नाही, ते सांगितलेलं नाही." आणि त्यांनी खाली उतरण्यासाठी कठड्यावर हात ठेवला.

आमच्या देवळात उपदेशाच्या मध्ये कोणी कधी बोललेलं नव्हतं. पण बायकांच्या बाजूला एक म्हातारी मावशी होती, जन्मभर वसतिगृहात स्वयंपाक केलेली. ती उभी राहिली. तिला राहवलंच नाही.

"मंग साहेब," ती म्हणाली, "तुमी गेले का नाय?"

सेक्रेटरींनी मागून "शूः" केलं. पाळकसाहेब थांबले आणि तिच्याकडे वळले.

"गेलो, मावशी."

"मंग?"

"मग जेवलो."

"पोर बोलली का?"

"नाही बोलली. वाढत राहिली. मी एकदाही नको म्हटलं नाही." त्यांचा हात कठड्यावरच होता. "आम्ही दोघांनी एकमेकांची माफी मागायची होती. ती राहूनच गेली. नंतर तिनं बाळ आणून मांडीवर ठेवलं."

पाळकीणबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर पट्ट्या दिसेनाशा झाल्या, ते मी इथं सरळ सांगून टाकते. मी त्या माणसाचे कितीतरी उपदेश ऐकले होते, पण एक माणूस अख्ख्या मंडळीसमोर स्वतःला असा उघडून ठेवतो, आणि तरीही लहान होत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांच्यापुढे मनातल्या मनात वाकावंसं वाटलं.

मावशी अजून उभीच होती. "आन् नाव काय ठिवलं?" तिनं विचारलं.

पाळकसाहेबांनी नाव सांगितलं. म्हणजे ओठ हलले. पण तिथं त्यांचा आवाज गेला, आणि ते फक्त पहिल्या बाकावरच्यांना ऐकू आलं. मागचे माना पुढे काढून बघायला लागले. तेव्हा पहिल्या बाकावरची एक बाई मागे वळली आणि तिनं दुसऱ्या बाकाला सांगितलं, "यशोधरा." दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं. पुरुषांच्या बाजूनंही ते निघालं. यशोधरा, यशोधरा, असं ते नाव बाकाबाकानं मागे सरकत गेलं. पाळकसाहेब वर उभे राहून ते जाताना बघत होते. शेवटच्या बाकावर दाराशी सेक्रेटरी बसले होते. त्यांच्या पुढच्या माणसानं वळून त्यांना नाव सांगितलं. ते क्षणभर तसेच बसले. मग उठले, आणि देवळात जागा न मिळाल्यामुळे पायऱ्यांवर बसलेल्या माणसांना त्यांनी बाहेर जाऊन सांगितलं, "साहेबांच्या नातीचं नाव यशोधरा ठेवलंय."